काठावरची साखर

माझ्या नवऱ्याची, म्हणजे यांची, उपाशीपोटीची साखर ११८ आली आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ६.१. वय अजून चाळिशीच्या आत. अशा रिपोर्टला आमच्या वरवट बकाल गावात 'काठावर आहे' म्हणतात, आणि एवढं म्हणून झालं की सल्ले दोनच मिळतात. काही होत नाही, गोड जरा कमी करा, हा एक. आता लागलीच शुगर, जपा बाई त्यांना, हा दुसरा. दोन्ही बोलणारे मायेनेच बोलतात. पण पहिल्या सल्ल्याने माणूस निर्धास्त होतो, आणि दुसऱ्याने धडधाकट माणूस एका रात्रीत पेशंट होऊन बसतो. त्याचं ताट वेगळं होतं, बायको त्याच्या वाटीवर पाळत ठेवू लागते. वाचून, डॉक्टरांना विचारून आणि घरात करून पाहून माझं मत असं झालं आहे की काठावरची साखर ही एकट्या नवऱ्याच्या ताटाची बाब नाही. बदलायचं तर सगळ्या घराचं जेवण आणि सगळ्या घराचा चहा बदलावा लागतो, आणि तेही गोळी लागण्याची वाट न पाहता आत्ताच.

आधी आकडा पक्का करून घ्यावा. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या अलीकडची पायरी. १२६ किंवा ६.५ पासून मधुमेह. लक्षणं नसताना एकाच रिपोर्टवर मधुमेहाचा शिक्का मारत नाहीत, पुन्हा तपासतात. उपाशीपोटी म्हणजे निदान आठ तास पाण्याशिवाय काही नाही. लाइट रात्रीची असली की पहाटे मोटार बंद करायला शेतात जाताना घेतलेला अर्धा कप चहासुद्धा त्यात बसत नाही, आणि लॅबमध्ये विचारलं की 'उपाशीच आहे' असं सांगितलं जातं. ताप असेल, स्टेरॉइडची गोळी चालू असेल, तरी साखर तात्पुरती चढते. एचबीएवनसीवरही डोळे मिटून विसंबू नये. अंगात लोह कमी असलं तर ती असते त्यापेक्षा जास्त दिसू शकते. सिकलसेल असेल तर उलट, साखर चढलेली असूनही ती कमी दाखवू शकते. विदर्भात सिकलसेलची घरं थोडीथोडकी नाहीत, म्हणून हिमोग्लोबिन आणि सिकलसेल सोबतच पाहिलेलं बरं. तरी शंका राहिलीच तर ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. ते गोडमिट्ट पाणी कोऱ्या पोटी घशाखाली उतरवणं नकोसं होतं, मळमळतं, आणि दोन तास फिरायचं नाही, खायचं नाही. पण १४० ते १९९ म्हणजे काठ आणि २०० च्या पुढे मधुमेह, एवढं त्यातून स्वच्छ कळतं.

आता 'काही होत नाही' या सल्ल्याकडे येते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशभरच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले: मधुमेह असलेले सुमारे १० कोटी १० लाख, आणि काठावरचे १३ कोटी ६० लाख. म्हणजे यांच्यासारखी माणसं मधुमेह्यांपेक्षाही जास्त. त्यांचं पुढे काय होतं, हे चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी पाहिलं. त्यांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काठावरची ५३१ माणसं होती. ज्यांना फक्त नेहमीचा तोंडी सल्ला मिळाला, त्यांच्यातल्या शंभरातल्या ५५ जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांच्या खाण्याचा आणि चालण्याचा नेटाने पाठपुरावा केला, त्यांच्यात हे प्रमाण ३९ वर आलं. मेटफॉर्मिनची गोळी दिलेल्यांत ४० च्या आसपास, आणि दोन्ही केलेल्यांतही ३९ च. 'एवढं करण्यापेक्षा गोळीच सुरू करा ना' असं म्हणणाऱ्यांना माझ्याकडे हेच उत्तर आहे. काही जणांना डॉक्टर या टप्प्यावरही गोळी देतात, ते त्यांनी ठरवावं. पण चालणं आणि जेवण यांनी गोळीइतकं काम होत असेल, तर ते आधी करून पाहायला हवं. अमेरिकेतल्या २००२ च्या मोठ्या अभ्यासात तर जीवनशैली बदलून धोका ५८ टक्क्यांनी घटला आणि गोळीने ३१ टक्क्यांनी.

गावात सगळ्यात ठासून सांगितला जातो तो आक्षेप वेगळा. राबणाऱ्या माणसाला कुठली शुगर? ही शहरातल्या बसून खाणाऱ्यांची बिमारी. शिवाय हे अंगाने बारीक. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्य घालवलं ते याच प्रश्नावर. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून त्यांनी गरोदर बाया आणि त्यांची बाळं पाहिली. बाळं वजनाने हलकी, पण अंगातली चरबी त्या मानाने राखून असलेली. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचा उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक एकच, २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वजनकाटा आपल्या माणसाबद्दल पुरतं सांगत नाही; बारीक हातापायांच्या माणसाचं सुटलेलं पोट जास्त सांगतं. आणि राबणं म्हणाल तर शेतही पूर्वीचं राहिलेलं नाही. नांगरट ट्रॅक्टरने, निंदणाच्या जागी तणनाशक, बांधापर्यंत मोटरसायकल. पेरणी-काढणीला जीव निघेपर्यंत काम असतं, आणि मधले कितीतरी दिवस पारावर आणि चहाच्या टपरीवर जातात. शरीराला रोजची हालचाल लागते, हंगामाची पुरत नाही.

मग घराचा प्रश्न. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये आधीचे अभ्यास एकत्र करून दाखवलं की जोडीदाराला मधुमेह असेल तर आपला धोका २६ टक्क्यांनी वाढतो. नवरा-बायकोचं रक्त एक नसतं, पण तेल एक असतं, जेवायची वेळ एक असते, संध्याकाळी टीव्हीपुढे बसणंही एक असतं. आमच्या घरात सगळ्यात मोठा हिशेब चहाचा निघाला. कपाला दोन चमचे साखर आणि दिवसाला चार कप धरले तरी आठ चमचे, म्हणजे चाळीसेक ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पंचविसाच्या आत राहिलात तर उत्तम म्हणते. एकाचा बिनसाखरेचा आणि बाकीच्यांचा गोड असा दोन पातेल्यांचा चहा चार दिवस चालतो, मग पातेलं एकच होतं आणि ते गोडच असतं. त्यापेक्षा सगळ्यांचाच हळूहळू कमी केलेला टिकतो. भाकरीबद्दलही एक गैरसमज आहे. कळण्याची किंवा ज्वारीची भाकरी चांगलीच. तंतू बरेच, पोट भरल्याचं कळतं. पण ज्वारीतही पिष्ट गव्हाइतकंच असतं. शुगरला चालते म्हणून चार भाकरी खाल्ल्या तर साखर चढणारच. दोन भाकरी, आणि त्यांच्या जोडीला तुरीचं घट्ट वरण, अंबाडी नाहीतर मेथी, मूठभर शेंगदाणे, एवढं बदललं तर खर्चही फार वाढत नाही, आणि ते सासूबाईंना, मुलांना, मलाही चालतं. दोनदा जेवण्याची डॉ. दीक्षितांची पद्धत गावोगाव पोचली आहे. ज्याला झेपते त्याने करावी, मात्र साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. कारल्याचा रस आणि जांभळाच्या बियांची पूड यांच्यावर मी जेवणाचं काम सोपवणार नाही.

यावर एक बाई म्हणून मला पडणारा प्रश्न मी टाळणार नाही. घर बदला म्हणजे शेवटी बायकोनेच बदला, असंच ना? चूल तिची, आठवण तिची, आणि साखर वाढली तर बोलही तिलाच. हा आक्षेप खरा आहे. म्हणून मी पाळत ठेवणं नाकारते. टपरीवरचा चहा आधीच साखर घालून उकळलेला असतो, तो नाकारायचं काम यांचंच. जेवणानंतर चालायला जायचं, रिपोर्टची तारीख लक्षात ठेवायची, हेही यांचंच. घरात जे शिजतं त्याला मी जबाबदार, बाहेर जे खाल्लं जातं त्याला नाही. अशी वाटणी झाली की रोजची चिडचिड बरीच ओसरते. आणि चोरून खाणं थांबतं, कारण लपवायला कोणी पहारेकरी उरत नाही.

आमच्या भागात या सगळ्याला घाई आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव हे पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याचे तालुके. विहिरी-बोअरच्या पाण्यात क्षार, आणि किडनीच्या आजाराने माणसं गेलेली गावं आजूबाजूला. मधुमेहाचा पहिला मार ज्या अवयवांवर बसतो त्यात किडनी येतेच. म्हणून साखरेबरोबर क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिनही पाहून घ्यावं, रक्तदाब मोजावा, आणि किडनीसाठीच अंगदुखीची गोळी दुकानातून उठसूट आणून खाणं थांबवावं.

आणि इतकं करूनही झालाच तर? चेन्नईत नेटाने वागलेल्या शंभरांतल्या ३९ जणांना झालाच होता. तरी केलेलं वाया जात नाही. चीनमधल्या दा चिंग शहरात १९८६ मध्ये असाच प्रयोग सुरू झाला, तो सहा वर्षं चालला. तीस वर्षांनी पाहिलं तर खाणं-चालणं बदललेल्या गटाला मधुमेह झाला तो सरासरी चार वर्षं उशिरा, आणि हृदयविकाराने गेलेली माणसंही कमी. यांना झाला तर गोळी सुरू होईल, वर्षाला डोळ्यांचा पडदा आणि पाय तपासावे लागतील, आणि 'तुम्ही लग्नात जिलेबी खाल्लीत म्हणून' असं एक वाक्य माझ्या तोंडून जाणार नाही. तोवर वर्षातून एकदा तपासणी. सरकारी दवाखान्यात तिशीपुढच्या माणसांची साखर आणि रक्तदाब पाहतात. तिथे यांच्या मागे मीही रांगेत उभी राहणार आहे, कारण स्वयंपाक आमचा एकच आहे आणि माझी साखर अजून कोणी तपासलेली नाही.