अर्धं दाबायचं, थांबायचं

“झेडपीच्या पोरांच्याच हातात द्यायचाय ना? मग एवढं काय बघताय मॅडम?”

शहरातल्या एका दुकानदाराचं हे वाक्य आठवलं की अजूनही माझं डोकं तापतं. त्यानं विकलेली वस्तू खोटी होती, पण मला जास्त लागलं ते हे वाक्य.

मी अकोले तालुक्यात, डोंगरातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. परिसर अभ्यासात मुलांनी आपल्या गावाची नोंदवही करायची असं आम्ही ठरवलं होतं. पावसात बांधावर येणारी फुलं, खेकड्यांची बिळं, ओढ्याकाठचे वीरगळ, घरातली जाती-उखळं. चित्रं मुलं काढतातच, सोबत फोटो हवे होते. माझा फोन देऊन पाहिला. दोन फोटो होत नाहीत तोवर वर केंद्राच्या ग्रुपवरचा निरोप येतो, कुठली तरी माहिती तातडीनं भरायची असते, आणि मुलाचं बोट फुलावरून उठून भलत्याच व्हिडिओवर जातं. शिवाय आवणीच्या दिवसांत मुलांचे हात सतत ओले. ओल्या बोटांना फोनचा पडदा दादच देत नाही.

म्हणून कॅमेरा. एक बटण, खरं भिंग, बाजारात मिळणारे सेल आणि एक कार्ड. नेट नको, वायफाय नको. शाळा व्यवस्थापन समितीत विषय निघाला आणि लोकवर्गणी जमली. हिरडा विकून आलेल्या पैशातून कुणी पन्नास दिले, कुणी शंभर. कुणाकडून किती आले ते एका वहीत लिहिलेलं आहे. ही वही होती म्हणूनच पुढचा सगळा प्रकार मला सोडून देता आला नाही.

समितीचे अध्यक्ष आणि मी दुकानात गेलो. काउंटरवर चकचकीत खोका आला. वर ठसठशीत अक्षरांत ४८ मेगापिक्सेल, १६ एक्स झूम. किंमत पाच हजारांच्या आत. मी भिंगाबद्दल विचारायला लागले तेव्हा त्यानं ते वरचं वाक्य म्हटलं. शाळेच्या नावानं बिल केलं आणि आम्ही संध्याकाळच्या एसटीनं परत आलो.

खोटेपणा आधी मुलांनीच ओळखला. चौथीतल्या एका मुलीनं तेऱ्याच्या पानावरचा थेंब टिपायला घेतला. फोटो बघून म्हणाली, “मॅडम, थेंबाचं नुसतं पांढरं झालंय, पण मागच्या कुंपणाचा दगड नीट दिसतोय.” एवढ्या एका वाक्यात तिनं कॅमेऱ्याचा सगळा रोग सांगितला. त्या भिंगाला फोकस बदलताच येत नव्हता. एका ठरावीक अंतरापलीकडचं बरं दिसायचं, जवळचं सगळं पुसट. आम्हाला तर हवं होतं ते सगळं जवळचंच. दुसरा मुलगा झूमचं बटण दाबून भिंगाकडे निरखत होता. “ही नळी बाहेरच येत नाही!” कशी येणार? तो झूम भिंगाचा नव्हताच. टिपलेल्या चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करून दाखवायचा, एवढंच त्याचं काम.

मग आम्ही वर्गाच्या भिंतीवर वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान चिकटवलं. त्याच जागेवरून माझ्या १२ मेगापिक्सेलच्या फोननं आणि या ४८ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यानं फोटो काढले. फोनच्या फोटोत जाहिरातींतले आकडे वाचता येत होते. कॅमेऱ्याच्या फोटोत ओळी होत्या, अक्षरं नव्हती. ही युक्ती समजून घेण्यासारखी आहे, कारण असे खोके आजही सर्रास विकले जातात. कॅमेऱ्याच्या आतल्या सेन्सरवर प्रकाश टिपणारे जेवढे बिंदू असतात, तेवढाच तपशील खरा. त्या बिंदूंच्या मधल्या जागा हिशेबानं भरून चित्र कितीही फुगवता येतं. म्हणजे दुधात पाणी घालून माप वाढवण्याचाच प्रकार. फाइल मोठी होते, पण दिसत काहीच जास्त नाही.

कॅमेरा, खोका, बिल आणि ते दोन्ही फोटो छापून घेऊन आम्ही पुन्हा दुकानात गेलो. त्यानं कॅमेरा चालू केला, माझ्याच चेहऱ्याचा फोटो काढून दाखवला आणि म्हणाला, “खराब कुठाय? चालतोय की. खोललेला माल परत घेत नाही, बिलावर छापलंय.” खरंच छापलं होतं. मी त्याला वर्तमानपत्राचे फोटो दाखवले. त्यानं ते बघितलेही नाहीत. अध्यक्ष शेतात राबणारे, शब्दाला शब्द न वाढवणारे गृहस्थ. ते मला हळूच म्हणाले, “मॅडम, जाऊ द्या, पुढच्या वर्षी बघू.” त्या माणसाचा सगळा धंदा याच ‘जाऊ द्या’वर चाललेला असतो. दोनशे रुपये एसटीला घालवून, दिवसाची मजुरी बुडवून कोण भांडायला येणार, हे त्याला पुरतं ठाऊक असतं.

मी जाऊ दिलं नाही. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा सांगतो की बिलात परतीची मुदत दिलेली नसेल, तर तीस दिवसांच्या आत सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. मालाच्या दर्जाबद्दल खोटं सांगणं हीसुद्धा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. दुकानातून आधी फोन आला, बदल्यात दुसरं काही घ्या म्हणून. हेडफोन घ्या, स्पीकर घ्या. आम्ही नकार दिला. शेवटी पैसे परत मिळाले. ते घ्यायला गेले तेव्हा काचेच्या कपाटात तोच खोका, तीच ४८ची पट्टी, पुढच्या गिऱ्हाइकासाठी मांडून ठेवलेली. हे बघून आलेला राग अजून गेलेला नाही.

खरा साधा कॅमेरा आता नवा मिळणं अवघड आहे, आणि त्याचं कारण समजण्यासारखं आहे. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये जगभरात १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात गेले होते. २०२३ मध्ये तो आकडा ८० लाखांच्या आत आला. जे कमी झाले ते बहुतेक खिशात मावणारे साधे कॅमेरेच. फोननं त्यांची जागा घेतली. कंपन्या आता महागाकडे वळल्या आणि खाली मोकळ्या राहिलेल्या जागेत हे खोकेवाले शिरले.

म्हणून मुंबईला गेले तेव्हा फोर्टमध्ये, बोरा बाजाराच्या बाजूला, जुने कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे गेले. त्यांनी मला मेगापिक्सेल विचारलेच नाहीत. “कशाचे फोटो काढणार? कोण काढणार?” एवढंच. भिंगाभोवतीच्या कड्यावर काय लिहिलंय ते वाचायला शिकवलं. दोन आकडे, मध्ये रेघ आणि पुढे एमएम असेल, तर झूम भिंगाचा. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून डाग आहेत का ते बघायचं. झूम पुढे-मागे करताना घरघर ऐकायची, कारण वाळूचा कण गेला की नळी अडकते. सेलच्या झाकणाची खिट्टी तपासायची, तीच आधी तुटते. निकॉनचा कूलपिक्स ए१० त्यांनी काढून दिला. १६ मेगापिक्सेल, भिंगाचा ५ एक्स झूम आणि दोन साधे डबल ए सेल. वायफाय नाही. मला हवा होता तो हाच.

किंमत मात्र माझ्या अंदाजापेक्षा जास्त निघाली. कॉलेजची मुलं हल्ली हे जुने कॅमेरे शोधत येतात, फोटोंचा तो जुना रंग त्यांना आवडतो, म्हणून भाव चढलेत, असं काका म्हणाले. मला राग आला. चार-चार लेन्सचे फोन खिशात असणाऱ्यांनी हौसेसाठी आमच्या गरजेची वस्तू महाग करायची! पण माझ्या शेजारी अशीच एक मुलगी उभी होती. तिनं आपणहून सांगितलं की साधे सेल घालू नका, लगेच संपतात, चार्जिंगचे निकेलचे घ्या, आणि ३२ जीबीपेक्षा मोठं कार्ड जुन्या कॅमेऱ्याला नको. एवढा खरा सल्ला मला कुठल्याच दुकानात मिळाला नव्हता. ती मुलं नसती तर हे कॅमेरे भंगारात गेले असते, असंही आता वाटतं.

शाळेत मुलांना शिकवायला एकच गोष्ट होती. बटण अर्धं दाबायचं, थांबायचं, हिरवी चौकट आली की पूर्ण दाबायचं. फोनवर हे थांबणं नसतं. थांबलं की मुलं बघायला लागतात. चौकट फुलावर आली की मागच्या पानावर, हे ती आपापसात भांडून ठरवतात. मूठभर मुलांत एक कॅमेरा, त्यामुळे काय टिपायचं यावर आधी चर्चा होते, मग फोटो. त्या मुलीला तेऱ्याच्या पानावरचा थेंब अखेर मिळाला, त्यात उलटी शाळा दिसते.

मी ‘जादा काही नको’ म्हणत होते, पण या कॅमेऱ्यातही समोरचा हसला की आपोआप फोटो काढायची सोय आहे. मी ती बंद ठेवा म्हटलं होतं. मुलांनी ती शोधून काढली, आणि जात्यावर बसलेल्या आज्यांना कॅमेऱ्यासमोर हसवण्याची पैज लागली. नोंदवहीतले माणसांचे सगळ्यात चांगले फोटो त्यातलेच आहेत, त्यामुळे आता मी ती बंद करायला सांगत नाही.

जमत नाही ते जमतच नाही. जूनच्या तोंडावर आमच्याकडे झाडं काजव्यांनी पेटतात. मुलांनी भरपूर प्रयत्न केले, पडदा काळाच. त्याला जास्त वेळ उघडं राहणारं शटर आणि तिवई लागते, या कॅमेऱ्याचं ते काम नाही. मुलांनी मग काजव्यांचं पान चित्रांनी भरलं. समितीच्या पुढच्या बैठकीत दुसरा कॅमेरा घ्यायचा विषय आहे. मुलांचं म्हणणं, तिवई आधी.