बळी द्यायची फांदी

2017 च्या मे महिन्यात ओमियाच्या बोन्साय महोत्सवातून मी मोमिजीचं, म्हणजे जपानी मेपलचं रोप घरी आणलं. जेमतेम पेन्सिलीएवढ्या जाडीचं. ओमिया टोकियोच्या उत्तरेला, साइतामा शहरात. 1923 च्या भूकंपानंतर टोकियोतल्या बोन्सायवाल्यांनी मोकळी जागा आणि चांगलं हवा-पाणी शोधत 1925 साली तिथे वस्ती केली. तिथून निशी-कासाईला घरी परतताना ट्रेनमध्ये रोप मांडीवर होतं आणि त्याच्यासाठी उथळ निळी कुंडी मी मनात पक्कीसुद्धा केली होती.

रोप विकणाऱ्या आजोबांनी मात्र बजावलं होतं, खोल कुंडीत लावा, आधी वाढू द्या. मला ते पटेना. वामनवृक्ष करायचा तर वाढवायचा कशाला? पुढे कळलं की खोड जाड व्हायला वर भरपूर पानं लागतात. म्हणून नंतर कापूनच टाकायच्या फांद्या आधी मोकाट वाढू द्यायच्या. इथे त्यांना ‘गिसेई-एदा’ म्हणतात, बळी द्यायची फांदी.

पुढच्या एप्रिलमध्ये खोडाला बाक देण्यासाठी ॲल्युमिनियमची तार गुंडाळली आणि मी महिनाभर माहेरी, निफाडला गेले. नवऱ्याने पाणी एक दिवसही चुकवलं नाही. तारेवर लक्ष ठेवायचं, हे मीच त्याला सांगितलं नव्हतं. मोमिजीची साल कोवळी, आणि वसंतात खोड भराभर भरतं. परतले तेव्हा तार सालीत रुतली होती. उलटी सोडवली असती तर साल सोलून निघाली असती. कात्रीच्या टोकाने एकेक वेढा तोडत बसले. तार निघाली, पण खोडाभोवती वळत वर चढलेला चर राहिला. त्याच्यावरून बोट फिरवलं आणि मला रडू आलं.

2019 च्या मार्चमध्ये, डोळे फुटायच्या आधी, मुळं हातात घेतली. या कामाने मला सगळ्यात जास्त शिकवलं. जेवायच्या काडीने माती हळूहळू झाडायची. मुळं विंचरल्यासारखी मोकळी होतात. खाली सरळ जाणारं सोटमूळ कापलं. आडवी मुळं फरशीच्या तुकड्यावर चहूबाजूंनी पसरून रोप त्यावर बांधलं आणि आकादामा या दाणेदार ज्वालामुखी मातीत बसवलं. खोड जमिनीला भिडतं तिथला हा मुळांचा फुलोरा म्हणजे ‘नेबारी’. जाणकार झाड बघताना आधी तिथेच बघतात. मलाही आता दुसरीकडे बघवत नाही.

बाबांची द्राक्षबाग आहे. व्हिडिओ कॉलवर झाड पाहिलं की ते म्हणायचे, “झाडाला उपाशी ठेवून लहान करतेस होय?” मी त्यांना खताच्या वड्या दाखवल्या, दीड मीटर उंच गेलेला शेंडा दाखवला. मग 2021 च्या जूनमध्ये तो शेंडा कापायची वेळ आली. हिवाळा सरताना कापलं तर मोमिजीच्या जखमेतून पाणी गळत राहतं, म्हणून पानं पक्की होईपर्यंत थांबले होते. बुंध्यापासून दहा-बारा सेंटीमीटरवर करवत टेकवली, तर बाबा फोनवरून ओरडले, “डोळ्याला चिकटून कापू नकोस, थोडी काडी राहू दे, नाहीतर डोळा सुकेल!” मोमिजीलाही हेच लागू पडतं. मी करवत बोटभर वर सरकवली. जखमेला लेप लावल्यावर त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे बोर्डो पेस्ट नाही का?”

महिन्याभरात त्या डोळ्यातून लालसर फूट आली. तिलाच नवा शेंडा केलं.

आता बुंधा अंगठ्याहून जाड आहे. तारेचा चर पुसट झालाय, पण तिथे खोड किंचित फुगलंय. कोणी झाड बघायला आलं की त्यांची नजर तिथे जाते. उन्हाळ्यात दुपारच्या उन्हाने पानांच्या कडा करपतात, म्हणून बाल्कनीत बांबूचा पडदा लावते आणि पाणी दोनदा घालते. निळी कुंडी अजून घेतलेली नाही. अजून दोन फांद्या बळी द्यायच्या आहेत.

मार्चअखेरीस पानांची पहिली जोडी उलगडते, तिच्या मधोमध तांदळाच्या कणीएवढा कोंब असतो. तो चिमट्याने खुडला की पुढची पेरं आखूड राहतात. यंदा बाबांना फोन समोर धरून ते दाखवलं. त्यांनी चष्मा लावला आणि म्हणाले, “तो डावीकडचा राहिला बघ.”