मिस्त्रींचं देणं

आग लागलेली घरं विकत घ्यायची, दुरुस्त करायची आणि पुन्हा राहती करून विकायची किंवा भाड्यानं द्यायची, हा माझा धंदा. हे सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक शंका उमटते : हा लोकांच्या दुःखावर कमावतो की काय? त्यात त्याचं चुकत नाही. मी या धंद्यात शिरलो तेव्हा माझ्या डोक्यात जमीन स्वस्तात पडते यापलीकडे काही नव्हतं. आज जे काही बरं काम माझ्या नावावर आहे, ते एका सुतार मिस्त्रींचं आहे. नाव छापून आलेलं त्यांना रुचलं नसतं, म्हणून इथंही मिस्त्रीच म्हणतो.

सिव्हिलचा डिप्लोमा करून मी अशोकस्तंभाजवळ एका दलालाच्या कचेरीत बसायचो. जुन्या नाशकात, तिवंध्याच्या अंगाला, एक वाडा जळाला. त्या भागातल्या गल्ल्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना सांगायला नको. अग्निशमन दलाची गाडी गल्लीच्या तोंडाशीच अडते आणि जवानांना पाइप खांद्यावर टाकून आत पळावं लागतं. मालक भाऊ-भाऊ, मिळकत पत्रिकेवर नावांची ही रांग, विमा कुणीच उतरवलेला नाही. सगळ्यांना सुटायचं होतं. मी हिशेब मांडला : मोकळ्या प्लॉटची किंमत, त्यातून राडारोडा उचलायचा खर्च वजा, आणि लाकूड जळाऊ भावानं. लाकडाचा अंदाज घ्यायला म्हणून मिस्त्रींना बोलावलं.

ते आले आणि लाकडाकडे न बघता थेट स्वयंपाकघरात गेले. राखेत बसून भांडी उकरायला लागले. मला वाटलं, म्हाताऱ्याला मोड हवी असेल. त्यांनी अॅल्युमिनियमच्या पातेल्याचा एक ओघळून थिजलेला गोळा माझ्या हातात दिला आणि शेजारचा पितळी डबा उचलून दाखवला. डबा काळा पडला होता, पण त्याची कड जशीच्या तशी होती. ‘‘भाऊ, इथं हे वितळलं आणि हे नाही वितळलं. म्हणजे आग किती चढली ते कळलं ना?’’ अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पितळ साधारण ९०० च्या पुढे, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. मिस्त्रींना आकडे ठाऊक नव्हते. तांबट आळीच्या शेजारात वाढलेल्या माणसाला धातू कधी हार खातो ते पाहून माहीत होतं. प्रत्येक खोलीतून अशा वस्तू गोळा करून त्यांनी आग कुठं पेटली, कुठं नुसता धूर कोंडला आणि कुठं ती पोचलीच नाही, याचा नकाशा मला तोंडी सांगितला. आजही जळालेल्या घरात मी आधी स्वयंपाकघरात जातो.

मग त्यांनी वाकस काढला. माजघराच्या तुळईवर मगरीच्या पाठीसारखे काळे खवले उठले होते. मी ती केव्हाच जळणात धरली होती. मिस्त्रींनी तिरपे चार घाव घातले, कोळसा झडला आणि बोटाच्या पेराइतक्या खोलीवर पिवळसर तपकिरी सागवान निघालं, त्याला तेलाचा वाससुद्धा होता. जाड लाकूड जळताना वरचा कोळसाच आतल्या गाभ्याचं उष्णतेपासून रक्षण करतो. कोळसा आत सरकण्याचा वेग मिनिटाला अर्धा ते पाऊण मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या तासाच्या आगीतही फूटभर जाडीच्या तुळईचं पोट शाबूत राहतं. हे सगळं मी नंतर वाचलं. त्या दिवशी फक्त पाहिलं, आणि माझा हिशेब माझ्याच वहीत खोटा पडला. कडीपाटाच्या फळ्या मात्र गेल्या होत्या, कारण त्या पातळ. सगळंच वाचतं असं मिस्त्री कधीच म्हणाले नाहीत. ‘‘जे गेलं ते गेलं म्हणायचं, त्याला रंग नाही मारायचा,’’ एवढंच म्हणायचे.

रंग मारण्याचा मोह मला पुष्कळ होता. काळ्या भिंतीवर डिस्टेंपरचे दोन हात दिले की उन्हाळाभर घर नवं दिसतं. पहिल्या पावसात हवा दमट झाली की धुराचा वास पुन्हा खोलीत येऊन बसतो. काजळी तेलकट असते, तिला आधी पाणी लावलं की ती भिंतीत आणखी मुरते. म्हणून आधी कोरडा ब्रश, मग सोड्याचं पाणी, खराब झालेला गिलावा विटेपर्यंत काढायचा, आणि लाकडाला चपड्याचा हात. लाखेचा तो पातळ थर वास आत कोंडून ठेवतो. जुन्या चुन्याच्या भिंतीला मिस्त्री सिमेंट लावू देत नसत. आगीपेक्षा आग विझवायच्या पाण्यानं भिंती जास्त फुगतात, त्यांना वाळायला वाट पाहिजे, हे त्यांचं म्हणणं. ओळंबा सोडून ते भिंतीला पोट सुटलंय का बघत आणि पोट सुटलेली भिंत माझ्या कितीही विनवण्यांनी पास करत नसत.

पण त्यांचं खरं देणं बांधकामातलं नाही. वाड्यात मागच्या बाजूला एक वृद्ध भाडेकरू मावशी राहायच्या. आगीनंतर त्या पंचवटीत भाचीकडे गेल्या होत्या. घरच उरलं नाही तर भाडेकरूही उरला नाही, असं मला वाटत होतं, आणि भाव ठरवताना ही गोष्ट माझ्या बाजूनं धरली होती. मी नकाशा पसरला तेव्हा मिस्त्रींनी विचारलं, ‘‘यात मावशींची खोली कुठं काढलीय?’’ मी कायदा सांगायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘तुम्ही वकिलाला विचारा. मी खोली कुठं ते विचारतोय.’’ वकिलाला विचारलं. इमारत नष्ट झाली की भाडेहक्क संपतो, असं सर्वोच्च न्यायालयानं आधी म्हटलं होतं खरं, पण २०१४ मध्ये मोठ्या खंडपीठानं ते मत बाजूला सारलं : इमारत गेली तरी जमिनीवरचा भाडेपट्टा आपोआप मरत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे आगीनंतर भाडेपट्टा सोडायचा की नाही हे भाडेकरूनं ठरवायचं असतं. मिस्त्री कायदा शिकले नव्हते, तरी कायद्याच्या आधी तिथं पोचले होते. मावशींची खोली निघाली, न्हाणीघरासकट. त्यांचा तांब्याचा बंब राखेतून निघाला होता, तो घासूनपुसून मिस्त्रींनीच जागेवर नेऊन ठेवला.

पुढं सिडकोत एक स्लॅबचं घर हाती आलं तेव्हा मी त्यांनाच घेऊन गेलो. त्यांनी छताकडे पाहिलं आणि सरळ सांगितलं, ‘‘हे माझं काम नाही. कळणाऱ्याला दाखवा.’’ इतकं स्वच्छ ‘मला कळत नाही’ मी आमच्या धंद्यात क्वचित ऐकलंय. स्ट्रक्चरल इंजिनिअर आले, त्यांनी काँक्रीट कुठं गुलाबी पडलंय ते दाखवलं. ३०० अंशांच्या पुढे खडीतल्या लोहामुळे तो रंग येतो आणि तिथून ताकद उतरू लागते. गार करून पिळलेली जुनी टॉर सळई फार तापली तर गेलेलं बळ परत मिळवत नाही, हेही तेव्हाच कळलं. ते घर मी सोडून दिलं. नाहीतर घेतलं असतं, छताला पीओपी करून.

एकदा पुण्याला गेलो असता मिस्त्रींनी हट्टानं विश्रामबागवाड्यात नेलं. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत गेला, तटबंदी आणि जोती उरली. १८७९ च्या मे महिन्यात बुधवारवाडा आणि विश्रामबाग दोन्ही पेटले. बुधवारवाडा नाहीसा झाला, विश्रामबाग दुरुस्त होऊन उभा राहिला. मी इतिहास ऐकवत होतो, ते दर्शनी भागाचे सुरूच्या घाटाचे खांब हातानं चाचपत होते. परतीच्या वाटेवर म्हणाले, ‘‘तिथंही कुणीतरी म्हणालंच असेल की पाडून टाका.’’

सौद्याबद्दल त्यांची एकच अट असे : घर जळाल्यावर एक पावसाळा जाऊ द्यायचा. भिंत कुठं बसते ते कळतं, आणि मालकाचं डोकंही ठिकाणावर येतं. घाईत विकणारा निम्म्यात विकतो. या अटीमुळे माझे कितीतरी सौदे हातचे गेले, काही मालकांनी पावसाळ्यानंतर घर विकलंच नाही, स्वतः दुरुस्त केलं. त्यातले दोघे-तिघे मिस्त्रींनाच कामाला बोलवायचे आणि मला चिडायला जागा नसायची. आता मी त्यात भर घालून विम्याचं सांगतो. २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. ऐकून लोक मान डोलावतात आणि बहुतेक जण काढत नाहीत.

मी त्यांना भागीदारी देऊ केली होती. ‘‘मजुरी वेळेवर द्या, तेवढी भागीदारी पुरे,’’ म्हणाले. आणि खरं सांगायचं तर त्या मजुरीवरही मी दर कामाला घासाघीस करायचो. ते दोन वेळा नाही म्हणत आणि तिसऱ्या वेळी मान्य करत.

मिस्त्री गेले. मुलाचं अंबडला मॉड्युलर फर्निचरचं वर्कशॉप आहे, प्लायवूड आणि मशीन. जुन्या सागाचं काम निघालं की मी त्याच्याकडेच नेतो. तो वडिलांइतका नाही, आणि दर मात्र चढा लावतो. मी बिल वाचतो, काही बोलत नाही, पैसे देतो.