धामणीसाठी घर, बिनझाकणाचं



माझ्या चुलत भावाचा पोरगा लातूरला डिप्लोमाला आहे. मागच्या उन्हाळ्यात गावाकडं आला, तेव्हा त्याच्या डोक्यात एकच खूळ होतं. बांधावरची धामण पकडायची आणि घरी पाळायची. परदेशात लोक साप पाळतात, त्याचे व्हिडिओ त्यानं मोबाईलवर बघितलेले. सगळा हिशोब करून माझ्याकडं आला. "काका, जुन्या कपाटाचं प्लायवूड हाय. पुढून काच, वरून मच्छरदाणीची जाळी, आत साठचा बल्ब. हजाराच्या आत पेटी होते. बिनविषारी हाय, कायी करत नाही ती. तुमीच तर म्हणायलाव धामण शेतकऱ्याची मैतर म्हणून."

पोरगं हुशार आहे, हातानं काहीतरी करणारं आहे, म्हणून त्याच्यावर खेकसलो नाही. पण त्याला बसवून दोन गोष्टी सांगितल्या. त्याच इथं लिहितो, कारण आजकाल असं विचारणारी पोरं गावोगाव आहेत.

पहिली गोष्ट कायद्याची. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा आहे. आपल्या रानातली धामण, नाग, घोणस, अजगर, मांडूळ यातलं काहीच पकडून घरात ठेवता येत नाही. तुरुंगवास आणि दंड दोन्ही आहेत. सर्पमित्रालासुद्धा साप घरी साठवायची मुभा नाही, वन विभागाला कळवून त्याला सोडावाच लागतो. व्हिडिओतले साप वेगळे, तिकडं पिंजऱ्यातच पैदास झालेले. तसला परदेशी प्राणी आपल्याकडं कुणी ठेवला तर त्याचीही सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायचा नियम आता आहे. मांडुळाचं तर विचारूच नका. दोन तोंडाचा साप, गुप्तधन दाखवतो म्हणून लाखाच्या गप्पा मारतात आणि पोरं जेलात जातात. मांडूळ बिचारं मातीत राहून उंदीर खातं, त्याला धन कुठलं माहीत!

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. सापाला स्वतःची ऊब नसते. सकाळी उन्हात पडतो, तापला की सावलीला जातो, दुपारी बिळात खाली उतरतो. दिवसभर त्याची ही ये-जा चालूच असते. आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. चार बाय दोनच्या पेटीत, त्यात बल्ब लावलेल्या, तो जाणार कुठं? धामण तर जात्याच बुजरी आणि चपळ. काचेवर तोंड आपटून आपटून रक्त काढते, खाणं सोडते. सात फुटाचं जनावर ते, दिवसभर रानात हिंडणारं.

तरी त्याला एक सांगितलं, की स्वस्तातली सापाची पेटी आपल्या देशात आहे आणि ती मातीची आहे. चेन्नईजवळ इरुळा आदिवासींची सोसायटी आहे, 1978 साली सुरू झालेली. ते लोक परवान्यानं नाग, मण्यार, घोणस, फुरसे पकडतात, मडक्यात थोडी वाळू घालून त्यात ठेवतात आणि तोंडाला सुती कापड बांधतात. मडकं झिरपतं म्हणून आत गार राहतं, कापडातून हवा जाते. तीनेक आठवडे ठेवून विष काढतात आणि साप परत रानात सोडून देतात. ते विष औषध कंपन्यांकडं जातं आणि त्यावरून आपल्या सरकारी दवाखान्यातली सर्पदंशाची लस बनते. म्हणजे साप कोंडायचाच तर असं कारण लागतं, परवाना लागतो आणि सोडायची तारीख लागते. करमणुकीसाठी नव्हे.

पोरगं नाराज झालं. मग म्हणलं, चल, तुला घरच बांधायचंय ना, बांधू. फक्त त्याला झाकण नसेल. धामण आली तर आली, गेली तर गेली.

आता ते कसं बांधलं ते नीट सांगतो.

जागा आधी. आमचं रान काळं, पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात भेगाळतं. उन्हाळ्यात त्या भेगाच सापांची घरं असतात, पण पाऊस पडला की भेगा मिटतात आणि साप बांधावर येतात. म्हणून ढिगाऱ्याची जागा मुरमाड आणि उंच पाहिजे. काळ्या मातीत खड्डा केला तर त्याचं डबकं होतं. आम्ही वरच्या बांधाचा कोपरा धरला, जिथं बोरीचं झाड आणि तरवड आधीपासून आहे. आखाड्यापासून तीनशे पावलं लांब. पायवाट, विहीर आणि मोटरीचा स्टार्टर यापैकी काहीच जवळ नाही. हे तिसरं फार महत्त्वाचं. शेतीची लाईट कधी रात्री बारानंतर येते, माणूस झोपेतून उठून अंधारात स्टार्टरकडं जातो. त्या वाटेवर दगडाचा ढिगारा म्हणजे यमाला आवतन.

आठ फूट लांब, पाच फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा. तळाला मुरूम. त्यावर रानातून वेचलेले मोठे गोटे, मधे दोन-तीन बोटांच्या फटी ठेवून. बारीक दगड भरला तर फटी बुजतात, मग आत सापाऐवजी विंचूच राहतात. दोन बाजूंनी तीन इंची जुन्या पाइपाचे हात-हातभर तुकडे घातले, बाहेरचं तोंड जरा खाली झुकतं, म्हणजे पाणी आत वाहत नाही. वर फुटक्या शहाबादी फरशीचे तुकडे, त्यावर माती. जमिनीच्या वर ढिगारा अडीच फूट आला. पूर्वेकडं एक सपाट काळा दगड मोकळा ठेवला, सकाळच्या उन्हाला. मागच्या अंगाला कुजकं भुसकट आणि शेणखत टाकलं, कारण धामण अंडी घालते आणि अंड्यांना ओल आणि ऊब दोन्ही लागतात. फुटक्या रांजणाचा बुड मातीत रोवून पाण्याला ठेवला. दगड आमचेच, पाइप भंगारातले. एका गड्याची एक दिवसाची मजुरी, सातशे रुपये, एवढाच खर्च. पेटीपेक्षा स्वस्त.

सप्टेंबरात सोयाबीन पिवळं पडायला लागलं, तेव्हा पाइपाच्या तोंडाशी कात सापडली. माझ्या पावलानं मोजली तर सात पावलांना थोडी कमी. पोरानं तिचा फोटो काढून ठेवलाय. ती धामणीचीच हे मी छातीठोक सांगणार नाही, पण सकाळी नऊच्या सुमाराला त्या काळ्या दगडावर पडलेली धामण मी स्वतः दोनदा बघितली आहे.

धामणच का, हे जुन्या माणसांना सांगायला नको. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं. घुबड, ससाणा वरून झडप घालतात, पण बिळात शिरून पिल्लांसकट घरटं साफ करणारा फक्त साप. आमच्या हरभऱ्याच्या एका एकरात मी बिळं मोजतो. संध्याकाळी सगळी बिळं चिखलानं बुजवायची, सकाळी जेवढी उकरलेली दिसतील तेवढी चालू. ढिगाऱ्याच्या आधीच्या रब्बीत 34 निघाली, नंतरच्या रब्बीत 19. कृषी सहायक म्हणाले, एका एकरावरून काही ठरत नाही, पाऊसही जास्त होता. बरोबर आहे त्यांचं. शेजारचा ऊसही त्या वर्षी उशिरा तुटला, आणि ऊस तुटला की तिथले उंदीर आपल्याकडं येतात. अजून दोन रब्बी मोजतो, मग बोलू.

पण नुसतं घर बांधून भागत नाही. ब्रोमॅडिओलोनची वडी खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस जड होऊन फिरतो, आणि तोच घुबडाच्या, सापाच्या तोंडी लागतो. म्हणून मी वरच्या बांधाकडं औषध वापरत नाही, तिकडं सापळेच. डुकरासाठी लावलेली नायलॉनची जाळी ही दुसरी गोष्ट. धामण त्यात अडकली की जेवढी ओढते तेवढी आवळली जाते. खालची वीतभर जाळी वर गुंडाळून ठेवा किंवा जुन्या साड्या लावा. आणि उन्हाळ्यात बांध पेटवायची आपली खोड! त्या एका काडीत अंडी, पिल्लं, मुंगूस, सरडे सगळं जातं.

आता घरच्यांचं म्हणणं. मंडळी म्हणाली, "धामणीच्या नावानं घर बांधलाव, दारावर पाटी लावलाव का? घोणस आली तर?" प्रश्न खरा आहे आणि त्याला सोपं उत्तर नाही. ढिगाऱ्यात घोणस, नागही येऊ शकतात. देशात सर्पदंशानं वर्षाला सरासरी 58 हजार माणसं जातात असा अभ्यास 2020 साली आला, त्यात बहुतेक आपल्यासारखे खेड्यातलेच. म्हणून मी सरसकट सगळ्यांना ढिगारा करा म्हणत नाही. ज्यांचं घर शेतातच आहे, लेकरं बांधावर खेळतात, त्यांनी करू नये. आम्ही ठरवलंय, ढिगाऱ्यात हात घालायचा नाही, दगड हलवायचा नाही, तिकडचं गवत लांब दांड्याच्या विळ्यानंच कापायचं. रात्री मोटरीला जाताना बॅटरी आणि गुडघ्यापर्यंतचे बूट. आखाड्यावर झोपायचं तर बाजेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, सूज नाही, फारशी आग नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, आणि घरचे म्हणतात अपचन झालं.

चावलंच तर बांधणं, कापणं, देवळात नेणं काही नको. हात-पाय हलू न देता 108 ला फोन, आणि जिथं लस आहे त्या दवाखान्यात. आपल्या नांदेड जिल्ह्यात मुखेडला डॉ. दिलीप पुंडे अनेक वर्षं सर्पदंशाचे रुग्ण बघत आलेत. वेळेत आलेला माणूस वाचतो, हे तिकडच्या खेड्यांतल्या लोकांना सांगावं लागत नाही. साप मारून सोबत न्यायची गरज नाही, त्या नादात दुसऱ्याला चावतो.

आणि घरात साप निघाला तर पोरांनी बरणी, पोतं घेऊन पुढं होऊ नये. लांबून नजर ठेवायची आणि वन विभागाच्या 1926 नंबरला लावायचं.

मृगाच्या आधी ढिगाऱ्यावरची खचलेली माती परत ओढायची आहे. विहिरीतही एक जाड दोर, गाठी मारून, पाण्यापर्यंत सोडणार आहे. कठडा नसलेल्या विहिरीत पडलेली धामण पोहून पोहून मरते, दोर असला तर वर येते.