गुरूचें गांव कोणतें?

नांदेड हें गोदावरीच्या कांठचें जुनें शहर. येथें सकाळीं नदीवर गेलें म्हणजे घाटावरील मंत्रपाठ कानांवर येतो आणि थोड्याच वेळानें गुरुद्वाऱ्यांतील कीर्तनाचे सूर त्यांत मिसळतात. शीखांचे दहावे गुरु गोविंदसिंह इ. स. १७०८ त येथेंच निजधामास गेले. महाराजा रणजितसिंहांनीं पुढें तेथें गुरुद्वारा बांधविला. त्यांच्यामागून पंजाबांतून आलेलीं घराणीं येथें स्थायिक झालीं; त्यांचीं मुलें आज अस्खलित मराठी बोलतात. हीं माणसें मूळचीं कोठलीं, हा प्रश्न या गांवानें केव्हांच सोडून दिला आहे.

मुद्दाम ही गोष्ट आरंभीं सांगण्याचें कारण असें कीं, आम्ही ज्यांच्या घरीं उतरलों होतों तेथें याच प्रश्नाची चर्चा चालू होती. घर मोठें, तीन पिढ्या एकत्र नांदणारें. घरची धाकटी सून इंग्रजीची एम्. ए. असून दहा वर्षें मुलांस इंग्रजी शिकवीत आहे. यजमानांचे धाकटे चिरंजीव नोकरीनिमित्त पूर्वेकडील एका देशांत गेल्यामुळें तिनें तेथील एका शाळेकडे अर्ज केला. उत्तर सभ्य भाषेंत आलें : इंग्रजी ही ज्या देशांची मातृभाषा आहे, त्या देशांच्या नागरिकांचेच अर्ज विचारांत घेतले जातात. तिची परीक्षा कोणी घेतली नाहीं, तिचा एखादा पाठ कोणी ऐकला नाहीं. पासपोर्ट पाहूनच निकाल लागला. पत्र वाचून झाल्यावर आजेसासूबाईंनीं विचारलें, "त्यांना शिकवणारी हवी आहे, कीं तिकडची हवी आहे?" याहून नेमका प्रश्न आम्हांसहि सुचला नाहीं.

हा अनुभव एकाच घरचा नव्हे. दक्षिण कोरियांत परदेशी मनुष्यास इंग्रजी शिकविण्याचा जो नेहमींचा परवाना मिळतो तो, कांहीं अपवाद सोडल्यास, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिका या सातच देशांच्या नागरिकांसाठीं आहे. इतर देशांतील जाहिरातींतहि ही अट पुष्कळदां आढळते. इंग्रजी अध्यापकांची टेसॉल ही जी आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिनें १९९२ त आणि पुन्हा २००६ त अशा निवडीविरुद्ध आपलें मत जाहीर केलें. रॉबर्ट फिलिप्सन या भाषापंडितांनीं १९९२ च्या आपल्या ग्रंथांत, ज्याची ती मातृभाषा तोच उत्तम शिक्षक ही समजूत म्हणजे निव्वळ भ्रम होय, असें प्रतिपादिलें. विचार केला तर हें कोणासहि पटण्याजोगें आहे. जो भाषा आईच्या मांडीवर शिकला त्यास ती येते खरी; पण जो ती कष्टानें शिकला त्यास वाटेंतले खड्डे कोठें आहेत हेंहि ठाऊक असतें.

दुसरे दिवशीं आम्ही लोहा, अहमदपूर, चाकूर या वाटेनें लातुरास निघालों. पावसाळा सरत आला होता. सोयाबीन पिवळें पडूं लागलें होतें, तूर मात्र हिरवीगार उभी होती. काळी जमीन संपून बालाघाटाचे माळ लागले. वाटेंतील प्रत्येक मोठ्या गांवांत देऊळ, मशीद व जुनी गढी यांच्या जोडीस शिकवणी-वर्गांच्या पाट्या दिसत होत्या, आणि त्यांत इंग्रजीच्या पुष्कळ होत्या. त्या पाहतां पाहतां मनांत आलें कीं, "तूं कोठला?" हा प्रश्न या मुलखास नवा नाहीं. उलट येथील शिक्षणाचा सारा इतिहासच या प्रश्नाभोंवतीं फिरला आहे.

हा भाग १९४८ पर्यंत निझामाच्या राज्यांत होता. एकोणिसाव्या शतकांत पहिले सालारजंग दिवाण असतांना राज्यकारभारास नवें वळण देण्यासाठीं त्यांनीं उत्तर हिंदुस्थानांतून व मद्रासेकडून शिकलेले लोक आणविले. हैदराबादच्या निझाम कॉलेजचे पहिले प्राचार्य अघोरनाथ चट्टोपाध्याय हे बंगालचे. सरोजिनी नायडूंचे ते वडील. अशा गुणी माणसांनीं राज्याचें हितच केलें. परंतु मोठ्या जागा बाहेरच्यांकडेच जाऊं लागल्या तेव्हां येथल्या माणसाची कोंडी झाली. शाळा नाहीं म्हणून पात्रता नाहीं, आणि पात्रता नाहीं म्हणून जागा नाहीं! यांतूनच मुल्की व गैरमुल्की हा भेद जन्मास आला. १९१९ च्या नियमांनीं सरकारी नोकरी मुल्कीस, म्हणजे राज्यांत जन्मलेल्या किंवा निदान पंधरा वर्षें कायमचें राहिलेल्या मनुष्यास, राखून ठेविली.

मराठी मुलाचें दुर्दैव असें कीं, मुल्की असूनहि तो परकाच राहिला. १९१८ त उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें, तेथें शिक्षणाचें माध्यम उर्दू होतें. गिरदावर, पेशकार हे शब्द ज्याच्या कानांवर लहानपणापासून पडले, पण ज्याच्या घरीं हरिपाठ चाले, अशा मुलास आपल्याच गांवांत परभाषेच्या उंबरठ्यावर उभें राहावें लागे. जन्माचा दाखला हातांत असून दार बंद असणें म्हणजे काय, हें या मुलखास इतरांहून अधिक कळावें.

ही उणीव ज्या खासगी शाळांनीं भरून काढली, त्यांचे शिक्षक कोठले होते हें पाहिलें म्हणजे मोठी मौज वाटते. धाराशिव जिल्ह्यांतील हिप्परगा या खेड्यांत १९२१ त राष्ट्रीय शाळा निघाली. तेथें १९२९ त व्यंकटेश भगवानराव खेडगीकर नांवाचे तरुण मुख्याध्यापक म्हणून आले. जन्म विजापूर जिल्ह्यांतील सिंदगीचा, आणि शिक्षण सोलापूर, अमळनेर व टिळक विद्यापीठ असें झालेलें. पुढें संन्यास घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले, अंबाजोगाईच्या शाळेंत शिकवूं लागले आणि अखेर हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. आज नांदेडचें विद्यापीठ त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें. ज्यास मराठवाडा आपला म्हणून मिरवितो, तो पुरुष येथें शिक्षक होऊन आला आणि शिकवितां शिकवितां येथला झाला!

परंतु गोष्टीची दुसरीहि बाजू आहे, आणि ती सांगितल्यावांचून न्याय होणार नाहीं. १९४८ च्या सप्टेंबरांत निझामी राजवट संपली. कारभारांतून उर्दू जाऊन इंग्रजी आली. इंग्रजी जाणणारी माणसें तेलंगणांत पुरेशीं नव्हतीं, म्हणून मद्रासकडील तेलुगु जिल्ह्यांतून शिक्षक व कारकून येऊं लागले. मुल्कीचे खोटे दाखले देऊन जागा बळकावल्याच्या तक्रारी झाल्या. १९५२ त वरंगळच्या शिक्षकांच्या नेमणुकांवरून विद्यार्थ्यांचें आंदोलन पेटलें. सप्टेंबरच्या आरंभीं हैदराबादेस गोळीबार होऊन माणसें मेलीं. आलेले शिक्षक इंग्रजी चांगलें शिकवीत असतीलहि. पण ज्या तरुणास इंग्रजी शिकण्याची संधीच मिळाली नव्हती, त्यास "तुला इंग्रजी येत नाहीं" म्हणून घरीं बसविणें हा कोठला न्याय? १९५६ त मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि १९५७ च्या कायद्यानें, तेलंगणासारखे कांहीं प्रदेश वगळून, नोकरीसाठीं रहिवासाची अट देशभर रद्द केली. या मुलखापुरता मुल्कीचा प्रश्न तेथें मिटला.

मग मुल्कीचा नियम आणि परदेशी शाळेचें तें सभ्य पत्र हीं एकाच माळेचे मणी आहेत काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. दुबळ्यानें आपल्या मुलांसाठीं दाराशीं अडसर घालणें वेगळें, आणि बळवंतानें केवळ आपल्या नांवाच्या जोरावर दुसऱ्यास दाराबाहेर ठेवणें वेगळें. पहिला नियम संधी मिळेपर्यंतचा उपाय होता. दुसऱ्यानें कोणाचें रक्षण होतें? इंग्रज-अमेरिकन मनुष्यास कामाची वाण नाहीं, आणि शिकणाऱ्या मुलाचें तर त्यांत कांहींच हित नाहीं. तरीहि दोन्हींत एक दोष समान आहे. माणसास काय येतें हें न पाहतां तो कोठून आला हें पाहण्याची संवय एकदां जडली कीं ती सुटत नाहीं.

लातुरास पोंचलों तेव्हां दिवस कलला होता. येथील गंज गोलाई ही वर्तुळाकार बाजारपेठ १९१७ सालची. तिला सोळा रस्ते येऊन मिळतात. धान्याच्या या बाजारास आज विद्येच्या बाजाराची जोड मिळाली आहे. परगांवचीं मुलें येथें खोल्या घेऊन राहतात आणि पहाटेपासून वर्गांस जातात. १९७० त निघालेल्या राजर्षि शाहू महाविद्यालयाचा या लौकिकांत मोठा वाटा आहे. त्याचे पहिले प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे हे इंग्रजीचे प्राध्यापक. अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांचें साहित्य हा त्यांच्या अभ्यासाचा विषय, आणि त्यावर त्यांनीं मराठींत लिहिलें. १९९४ त नांदेडचें विद्यापीठ निघालें तेव्हां पहिले कुलगुरुहि तेच झाले. येथील शेतकऱ्यांच्या मुलांस इंग्रजी वाङ्मयाचें दार उघडून देण्यास त्यांना लंडनांत जन्म घ्यावा लागला नाहीं.

आतां थोडें आपल्या घराकडे वळूं. परदेशी पत्रानें आपणांस वाईट वाटतें. पण पुण्यामुंबईच्या आपल्या घरांतून मराठवाड्याच्या माणसास आपण कसें ऐकतों? लातूरकडचा शिक्षक आपसांत "काय करलालास?" असें बोलतांना ऐकला कीं आपल्या ओठांवर हंसूं फुटतें आणि "यांचें मराठी शुद्ध नाहीं" हा निकाल आपण देऊन मोकळे होतों. कुरुंद्याचे नरहर कुरुंदकर नांदेडच्या पीपल्स कॉलेजांत शिकवीत व पुढें तेथेंच प्राचार्य झाले. त्यांचे ग्रंथ आपण आदरानें वाचतों, व्याख्यानांचीं वर्णनें ऐकतों. पण त्यांच्याच मुलखांतली एखादी बाई आपल्या मुलांस मराठी शिकवावयास आली, तर तिच्या ज्ञानाआधीं आपण तिचे उच्चार तपासतों. ही परीक्षा आणि ती सात देशांची यादी यांत अंतर किती?

मुलांसाठीं शिक्षक निवडणाऱ्या आमच्या वाचकांस व भगिनींस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, त्याचें गांव विचारण्यापूर्वीं त्याचा एक तास ऐकावा. मुलाची चूक तो कशी सांगतो, आणि न समजलेली गोष्ट दुसऱ्या वाटेनें समजावून देण्याचा धीर त्याच्यापाशीं आहे कीं नाहीं, हें पाहावें. गांव अवश्य विचारावें. पण तें चहाच्या वेळीं, ओळख वाढविण्यासाठीं.