मोडून बघायची हळद

सांगलीत हळद घ्यायची तर आधी हळकुंड मोडायचं. गणपती पेठेत सासूबाईंनी मला हे शिकवलं. दुकानदार पोत्यातली मूठभर हळकुंडं पुढ्यात टाकायचा. त्यातली गुळगुळीत, पिवळीधमक त्या आधी बाजूला सारायच्या. "वरच्या रंगावर जाऊ नकोस गं, तो पॉलिशचा." मग एखादं मळकट हळकुंड दोन्ही हातांत धरून मोडायच्या. कट्‌कन आवाज आला म्हणजे वाळवण नीट झालेलं. मोडल्या तोंडाशी आत गर्द केशरी रंग हवा, नाकाशी धरलं की उग्र, कडवट वास. हळकुंड नुसतंच वाकलं तर पिशवी उचलून पुढचं दुकान.

माझं माहेर कऱ्हाड तालुक्यातलं. तिथे पौषात पालच्या खंडोबाची यात्रा भरते. तारळीच्या काठी "येळकोट येळकोट"च्या गजरात हळदीचा भंडारा असा उधळायचे, की पुढे कितीदा न्हायलं तरी केसांतून पिवळं पाणी निघायचं. एरवी घरात हळद चिमटीनेच. गुडघा फुटला की आजी ती चिमूट जखमेवर अंगठ्याने दाबून धरायची. जखम भरण्याच्या या गुणाचं पेटंट अमेरिकेत 1995 साली दिलं गेलं आणि डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या भारतीय संशोधन संस्थेने लढून 1997 मध्ये ते रद्द करवलं. बातमी वाचताना आजीचा तो अंगठाच डोळ्यांपुढे होता, आणि डोळे भरून आले होते.

हळदीमागचे कष्ट मात्र सासरीच जवळून पाहिले. उन्हाळ्याच्या शेवटी लावण, काढणी थेट शिमग्याच्या आसपास. मग जेठे गड्डे वेगळे करायचे, हळकुंडं काहिलीत शिजवायची, उन्हात पसरायची. पाच किलो ओल्या हळदीची वाळून जेमतेम किलोभर होते. हे माहीत असलेला माणूस हळद सांडत नाही.

सासऱ्यांनी हरिपूरला नेऊन हळद साठवायचं पेव दाखवलं होतं. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या त्या मातीत खोल खणलेलं, तोंड अरुंद, पोट मोठं. आत हवा नसल्यामुळे कीड जगत नाही. हळद वर्षानुवर्षं टिकते. पेव उघडलं तरी लगेच कुणी उतरत नाही, आतला कोंडलेला वायू माणसाचाही जीव घेतो. एवढी कसबी साठवण, पण 2005 च्या महापुराचं पाणी पेवांत शिरलं आणि हळद नासली. त्यानंतर माल गोदामांत, शीतगृहांत जाऊ लागला. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला अभिमान आहे. पण ती पेवं बुजत चालली, याची हळहळ त्याहून मोठी आहे.

पाकिटातली पूड मोडून बघता येत नाही, वास घेऊन पारखता येत नाही. पिवळेपणासाठी तिच्यात काय मिसळलंय, हे जिभेलाही कळत नाही. म्हणून मी अजून हळकुंडंच आणते. कडक ऊन दाखवते, खलबत्त्यात ओबडधोबड कुटते आणि गिरणीत नेते. गिरणीवाला हळद दिवसाच्या शेवटी घेतो, नाहीतर पुढच्याचं पीठ पिवळं व्हायचं. घरी येऊन वस्त्रगाळ करायची, बरणीत दाबून भरायची.

यंदा राजापुरी जातीची हळद आणली. पुण्याच्या लेकीला डबा पाठवला आणि फोन करून बजावलं, वरणाला नेहमीच्या निम्मीच घाल.