चिपाडाची गाडी

आमच्या कळंबास पाऊस म्हणजे क्वचित येणारा पाहुणा. त्याची वाट पाहता पाहता मृग सरतो, आर्द्रा सरतात. म्हणून झड लागली की वडील मंडळी ओसरीवर उभी राहून देवाचे आभार मानतात. मुलांची मात्र त्याच वेळी कुचंबणा होते. काळी माती पायांस गोळ्यागोळ्यांनी चिकटते आणि घरोघरी आज्ञा सुटते, "आत बसा!" आत बसून करावे काय, हे कोणी सांगत नाही.

मीही सांगितले नव्हते. गेल्या वर्षी अशाच एका रविवारी उपासनेहून परतल्यावर मी उत्तरपत्रिका तपासावयास बसलो आणि पाच वर्षांच्या धाकट्या कन्येने भुणभुण करू नये म्हणून तिच्या हाती मोबाईल दिला. थोड्या वेळाने वीज गेली, मोबाईलही बंद पडला, व रडारड सुरू झाली. दोष माझा असता मी तिजवरच रागावलो.

आई काही बोलली नाही. तिने शेजारच्या गोठ्यातून शाळूच्या कडब्याची दोन कोरडी धाटे आणून मजपुढे टाकली. "लेकराला गाडी करून दे." फ्रोबेलने १८४० साली जर्मनीत बालोद्यान स्थापिले, हे मी परीक्षेत सविस्तर लिहिले आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ पासून बोर्डीस शिंपले, बिया, पाने घेऊन गरिबांच्या मुलांस शिकविले, हेही मला ठाऊक होते. परंतु धाट सोलावयास घेतले तो सालीने बोट कापले, आतले भेंड मोडले, आणि लहानपणी डोळे मिटून केलेली गाडी मजकडून होईना. हात विसरून गेले होते!

मग आईच संधिवाताने आखडलेल्या बोटांनी करू लागली. सालीची पट्टी हळूच वाकवून तिची दोन्ही टोके भेंडाच्या तुकड्यात खोचली की चाक होते. गोंद नको, दोरा नको. गाडीस बैल हवेत म्हणून अंगणातील माती आत आली. नुसत्या काळ्या मातीचे बैल वाळताना तडकतात. तीत थोडी राख मळावी व ते सावलीत वाळवावे, हे आईनेच सांगितले. घर चिखलाने भरते, अशी माता तक्रार करतील. भरतेच.

सायंकाळी आईने चिंचोके दगडावर घासून त्यांच्या डाळी केल्या. चार डाळी टाकाव्या. सर्व पांढऱ्या पडल्या तर चार, सर्व काळ्या पडल्या तर आठ. जी कन्या अंक गिरविताना रडे, तीच आजीची चूक दाखवू लागली.

उत्तरपत्रिका रात्री कंदिलाच्या उजेडात तपासल्या. ते बैल अद्याप खिडकीत आहेत. एकाचे शिंग गेले आहे. गाडी आता मलाही करता येते, पण चाक अजून साधत नाही. ते कन्या करून देते.